आप्पासाहेब भोसले: दारूगोळ्याच्या काळात राज्य हरलेला नागपूरचा राजा

पोळ्याचा दुसरा दिवस आपल्या भागात दोन ठिकाणी गाजतो. जाम नदीच्या एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव, मधल्या पात्रात रोवलेलं पळसाचं झाड आणि त्यासाठी होणारी गोटमार. त्याच दिवशी तिकडे नागपुरात मारबत निघते. काळी आणि पिवळी, दोन्ही मिरवत नेतात आणि शेवटी जाळतात.

या दोन्ही प्रथांच्या मागे सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींत भोसल्यांचं राज्य येतं. गोटमारीची प्रेमी जोडप्याची कथा सगळ्यांना माहीत आहे. पण दुसरी एक आख्यायिकाही सांगतात. जामकाठच्या इथल्या आदिवासी सैन्यावर नागपूरच्या भोसल्यांची फौज चालून आली, इथल्या लोकांकडे हत्यारं कमी होती, म्हणून त्यांनी नदीतले गोटे उचलले आणि फौजेला परतवून लावलं, असं ती कथा सांगते. काळ्या मारबतीबद्दल नागपुरात सांगतात की ती बाकाबाईची, म्हणजे दुसऱ्या रघुजी भोसल्यांच्या राणीची. इंग्रजांशी हातमिळवणी केल्याचा लोकांचा राग त्या पुतळ्यात उतरला, असा समज आहे.

आख्यायिका ही आख्यायिका म्हणूनच घ्यायची. पण गोटा विरुद्ध बंदूक हा जो सामना तिच्यात आहे, तो खोटा नाही. ज्याच्याकडे दारू आहे आणि ती विकत घ्यायला पैसा आहे त्याचं राज्य, असा काळ या भागाने खरोखर पाहिला. इथे दारू म्हणजे पिण्याची नव्हे, बंदुकीची. जुन्या मराठी कागदात दारू म्हटलं की बहुतेक वेळा तोफा-बंदुकांचीच दारू असते. दारूखाना, दारूगोळा, शोभेची दारू हे शब्द तिथलेच. त्या काळाच्या शेवटच्या टप्प्यावर नागपूरच्या गादीवर एकविशीतला एक राजा होता. त्याचं नाव मुधोजी भोसले, म्हणजे आपले आप्पासाहेब. आज पांढुर्णा जिल्ह्यात मोडणारा हा मुलूखही तेव्हा नागपूरच्याच अंमलाखाली होता. त्यामुळे ही गोष्ट महाराष्ट्राची जितकी, तितकीच आपलीही आहे.

तीन जिनसांची पूड

आधी दारूबद्दल थोडं. सोरा, गंधक आणि कोळसा या तीन गोष्टी कुटून, भिजवून, पुन्हा वाळवून ती बनते. साधारण शंभर भागात पंचाहत्तर भाग सोरा, उरलेल्यात कोळसा जास्त आणि गंधक कमी. हिचा शोध चीनमध्ये लागला, तिथून ती मंगोल आणि अरबांच्या हाताने पश्चिमेला गेली, आणि सोळाव्या शतकात हिंदुस्थानातल्या लढाया तिच्यावर ठरू लागल्या. 1526 मध्ये पानिपतावर बाबराने तोफा आणि बंदुका कशा वापरल्या ते शाळेत सगळ्यांनी वाचलेलं आहे. दख्खनही मागे नव्हता. विजापूरची मलिक-ए-मैदान तोफ 1549 मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीत ओतली गेली.

यातला कोळसा आपल्याकडच्या शेतात तयार. तुरीच्या काड्यांचा, म्हणजे तुराट्यांचा हलका कोळसा दारूसाठी उत्तम मानला जाई. सोरा खारट मातीतून काढत आणि त्याचा सगळ्यात मोठा पुरवठा बिहारमधून होई. गंधक बहुतेक बाहेरूनच यायचं. इथेच सगळी मेख आहे. 1757 नंतर बंगाल-बिहार इंग्रज कंपनीच्या हातात गेले आणि सोऱ्याचा मुख्य झराही त्यांच्याच ताब्यात गेला. मराठी संस्थानं दारू करत होती, तोफा ओतत होती, पण कंपनीला जो माल मुबलक आणि सारख्या दर्जाचा मिळे तो यांना जमवावा लागे.

दुसरी गोष्ट पैशाची. भाला आणि घोडा असलेला शिलेदार हंगामापुरता येई आणि पेरणीला घरी जाई. बंदुकीच्या पलटणीचं तसं चालत नाही. तिला वर्षभर कवायत लागते, दारू लागते आणि महिन्याच्या महिन्याला पगार लागतो. तो पगार येणार कुठून? रयतेच्या साऱ्यातून. म्हणजे बघा, तोफ राजाची असली तरी तिचं ओझं शेवटी वावरातल्या माणसावरच यायचं.

काकाचा पराभव, पुतण्याचा वारसा

आप्पासाहेबांचा जन्म 1796 चा. वडील व्यंकोजी भोसले, लोक त्यांना मन्याबापू म्हणत. काका म्हणजे नागपूरचे राजे दुसरे रघुजी. पहिल्या रघुजीने देवगडचं गोंड राज्य भोसल्यांच्या अंमलाखाली आणलं होतं. सौंसर, पांढुर्णा, छिंदवाडा हा सगळा पट्टा त्या देवगडचाच भाग. नागपूर शहरसुद्धा मुळात देवगडच्या बख्त बुलंद शहाने वसवलेलं.

आप्पासाहेब सात वर्षांचे होते तेव्हा घरावर पहिला घाव बसला. 1803 मध्ये दौलतराव शिंदे आणि रघुजी भोसले एकत्र येऊन कंपनीशी लढले. 23 सप्टेंबरला असई, 29 नोव्हेंबरला आडगाव आणि 15 डिसेंबरला गाविलगड असे तीन महिन्यांत तीन पराभव झाले. आडगावला नागपूरच्या फौजेचं नेतृत्व व्यंकोजी, म्हणजे आप्पासाहेबांचे वडीलच करत होते. 17 डिसेंबरला देवगावचा तह झाला. कटक गेलं, वर्धेच्या पश्चिमेचा वऱ्हाड गेला.

मुलूख कमी झाला, पण फौजेचा खर्च तसाच राहिला. मग रघुजींनी उरलेल्या मुलखातून जमेल तितका पैसा ओढला. सारा वाढला, नवे कर आले. लोकांनी राजाला मोठा बनिया हे नाव ठेवलं ते याच काळात. त्यातच पेंढाऱ्यांचा उपद्रव वाढला. 1811 मध्ये तर त्यांनी थेट नागपूरच्या वस्तीपर्यंत येऊन जाळपोळ केली. गावोगावी मातीच्या गढ्या उभ्या राहिल्या. राजाची तोफ आपल्याला वाचवत नाही हे कळल्यावर गावाने आपापली भिंत बांधून घेतली, असा त्याचा अर्थ. आपल्या भागात अजूनही कुठे कुठे गढी हे नाव ऐकू येतं, त्यामागे हा काळ आहे.

एक गोष्ट मात्र रघुजींच्या बाजूने सांगायला हवी. मरेपर्यंत त्यांनी कंपनीची तैनाती फौज घेतली नाही. आपल्या राजधानीत दुसऱ्याची पलटण आणि तिचा खर्च आपल्या तिजोरीतून, हा सौदा त्यांना कळला होता.

रात्रीचा तह

22 मार्च 1816 ला रघुजी वारले. मुलगा परसोजी गादीवर आला, पण तो शरीराने आणि मनाने दुबळा होता. कारभार कोणी पाहायचा यावर वाड्यात दोन तट पडले. एका बाजूला राणी बाकाबाई आणि त्यांचा विश्वासू धर्माजी भोसले, दुसऱ्या बाजूला चुलतभाऊ आप्पासाहेब. आप्पासाहेबांनी बाजी मारली, धर्माजीला कैद केलं आणि कारभारी झाले.

पण खुर्ची पक्की नव्हती. वाड्यातले विरोधक, पगार थकलेली फौज आणि बाहेर पेंढारी. आप्पासाहेबांनी आधार शोधला तो नागपूरच्या इंग्रज रेसिडेंटचा, रिचर्ड जेंकिन्सचा. 27 मे 1816 च्या रात्री, फार गाजावाजा न करता, तैनाती फौजेचा तह झाला. कंपनीच्या सहा पलटणी आणि एक घोडदळाची तुकडी, आणि त्यापोटी वर्षाला साडेसात लाख रुपये. काकाने जे तेरा वर्षं टाळलं ते पुतण्याने दोन-सव्वादोन महिन्यांत मान्य केलं.

म्हणून बाकाबाईला इंग्रजधार्जिणी ठरवून मारबत जाळताना हे विसरू नये, की नागपूरचं दार कंपनीला प्रथम उघडून दिलं ते आप्पासाहेबांनी. पुढे बाकाबाईने जेंकिन्सच्या साथीने नातवाचा कारभार पाहिला हे खरं. पण तोवर दार सताड उघडं होतं.

1 फेब्रुवारी 1817 ला परसोजी अंथरुणात मृत सापडला. आप्पासाहेब त्या वेळी चांद्याला होते. मृत्यू नैसर्गिक असल्याचं तेव्हा सांगण्यात आलं, पुढे मात्र हा खून आप्पासाहेबांच्या इशाऱ्यावरून झाल्याचा ठपका कंपनीने ठेवला. ठपका ठेवणारे त्यांना पदच्युत करणारेच होते हे लक्षात घ्यावं लागतं. तसंच, त्या मृत्यूचा फायदा आप्पासाहेबांनाच झाला, हेही झाकता येत नाही. ते राजे झाले.

सीताबर्डीची अठरा तासांची लढाई

राजे झाल्यावर आप्पासाहेबांना तहाची खरी किंमत कळली. साडेसात लाख काढायचे कुठून? स्वतःची फौज ठेवली तर तिला पगार नाही, मोडली तर उद्या कंपनीने काढून टाकलं तरी अडवणार कोण? तिकडे पुण्यात बाजीराव पेशव्यांनी इंग्रजांविरुद्ध तयारी केली होती. 5 नोव्हेंबर 1817 ला खडकीची लढाई झाली. त्याच महिन्याच्या 24 तारखेला, जेंकिन्सचा इशारा धुडकावून, आप्पासाहेबांनी पेशव्यांकडून आलेली वस्त्रं आणि सेनापतिपद भर दरबारात स्वीकारलं. त्याचा अर्थ सरळ होता.

जेंकिन्सने तेलंगखेडीची पलटण सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर हलवली. कर्नल स्कॉटच्या हाताखाली सगळे मिळून चौदाशेच्या आसपास लोक. त्यांतले बहुतेक इथलेच, मद्रासकडचे पायदळ शिपाई आणि बंगालच्या घोडदळाच्या तीन तुकड्या. समोर नागपूरची अठरा-वीस हजार फौज, पस्तीसेक तोफा, आणि त्यांत तीन हजारांहून जास्त अरब.

हे अरब म्हणजे त्या काळचे सगळ्यात महागडे बंदूकवाले. लांब नळीची तोड्याची बंदूक त्यांच्याकडे असे. तोडा म्हणजे पेटती सुताची वात, चाप ओढला की ती वात कानातल्या दारूला लागून बार होई. नेम पक्का, पण भरायला वेळ. कंपनीच्या शिपायांकडे चकमकीची बंदूक. तिचा नेम कच्चा, पण रांगेत उभं राहून एकामागून एक बार काढायला जलद. म्हणजे एका बाजूला एकेकट्या निशाणबाजाचं कसब आणि दुसऱ्या बाजूला कवायत. सीताबर्डीला हे दोन प्रकार समोरासमोर आले.

26 नोव्हेंबरच्या संध्याकाळी गोळीबार सुरू झाला आणि रात्रभर चालला. सकाळी अरबांनी लहान टेकडी घेतली आणि तिथली कंपनीची तोफ फिरवून मोठ्या टेकडीवरच डागायला लागले. कंपनीच्या दृष्टीने खेळ संपल्यात जमा होता. त्या वेळी कॅप्टन फिट्झजेराल्डच्या घोडेस्वारांनी मैदानातल्या फौजेवर हल्ला चढवून तिच्या तोफा काबीज केल्या. थोड्याच वेळात लहान टेकडीवर अरबांजवळचा दारूगाडा भडकला. त्या स्फोटाच्या गोंधळात मोठ्या टेकडीवरच्या शिपायांनी धाव घेऊन लहान टेकडी परत मिळवली. 27 च्या दुपारपर्यंत नागपूरची फौज हटली होती. कंपनीकडचे साडेतीनशेहून जास्त लोक मेले किंवा जखमी झाले, म्हणजे जवळजवळ चारातला एक.

एका दारूगाड्याने राज्य बुडवलं असं म्हणणं सोपं आहे, पण ते खरं नाही. वीस हजारांच्या फौजेला एकच हुकूम देणारा माणूस त्या दिवशी रणात नव्हता. मनभट, गणपतराव, रामचंद्र वाघ असे सरदार आपापल्या परीने लढत होते. राजा स्वतः वाड्याच्या बाजूलाच राहिला, आणि लढाई हातची गेल्यावर त्याने रेसिडेंटकडे वकील पाठवून झाल्या प्रकाराबद्दल खेद व्यक्त केला. जिंकलो तर माझं, हरलो तर सरदारांचं, अशी ती चाल होती. अरब मात्र राजाच्या नावावर छातीवर गोळ्या घेत होते.

सक्करदरा आणि जुम्मा दरवाजा

डिसेंबरच्या 12 तारखेला जनरल डव्हटनची मोठी फौज नागपुरात पोचली. जेंकिन्सने अटी घातल्या, त्यांत फौज मोडायची आणि सगळ्या तोफा हवाली करायच्या. 16 डिसेंबरला आप्पासाहेब स्वतः रेसिडेन्सीत हजर झाले. पण तोफा ताब्यात घ्यायला गेलेल्या कंपनीच्या फौजेवर सक्करदऱ्याच्या बाजूने मारा सुरू झाला. राजा शरण गेला होता, त्याचे लोक गेले नव्हते. ती लढाई थोड्या वेळात संपली आणि साठाहून अधिक तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या.

तरी शहर पडलं नाही. अरबांनी जुना राजवाडा आणि महालचा भाग धरून ठेवला. 24 डिसेंबरला जुम्मा दरवाज्यावर इंग्रजांनी केलेला हल्ला त्यांनी मोडून काढला. आजचा महालचा गांधी गेट तो हाच. शेवटी 30 डिसेंबरला बोलणी होऊन अरब बायकामुलांसह, सामानासह बाहेर पडले. लढून त्यांना कोणी काढू शकलं नाही. ज्या राजासाठी ते लढले तो तेव्हा रेसिडेन्सीत होता.

जानेवारी 1818 मध्ये आप्पासाहेबांना गादी परत मिळाली, पण नर्मदेकडचा मुलूख, उरलेला वऱ्हाड आणि गाविलगड सोडून. किल्ले कंपनीकडे, कारभारही तिच्या सल्ल्याने. पुढच्या दोन महिन्यांत बाजीरावाशी त्यांचा गुप्त पत्रव्यवहार उघड झाला आणि 15 मार्चला जेंकिन्सने त्यांना अटक केली. कैदेसाठी अलाहाबादला न्यायचं ठरलं.

महादेवाच्या डोंगरात

इथपर्यंतची गोष्ट एका धरसोड करणाऱ्या तरुण राजाची आहे. इथून पुढे ती आपल्या भागात येते आणि वेगळीच होते.

अलाहाबादच्या वाटेवर, जबलपूरच्या अलीकडे रायचूर नावाच्या मुक्कामी, मे महिन्याच्या 12-13 तारखेच्या रात्री आप्पासाहेब पहाऱ्यातून निसटले. पहाऱ्यावरचे काही शिपाई फितवले होते आणि राजा त्यांच्याच वेशात बाहेर पडला. तो थेट महादेवाच्या डोंगरात, म्हणजे पचमढी-छिंदवाड्याच्या जंगलात शिरला. हर्रईच्या चैनशहासारख्या गोंड जमीनदारांनी त्याला आसरा दिला.

विचार करा. याच भोसल्यांनी गोंडांचं देवगडचं राज्य घेतलेलं. त्यांच्याच वंशातला राजा परागंदा होऊन गोंडांच्या दारात आला आणि त्यांनी त्याला ठेवून घेतलं. कंपनीने लाखाच्या घरातलं इनाम लावलं. त्या काळी एका कुडाच्या घरात राहणाऱ्या माणसाला ही रक्कम कल्पनेतही मोजता आली नसती. तरी डोंगरातल्या कोणी त्याला विकलं नाही. या सगळ्या हकिकतीत सगळ्यात कमी दारू आणि सगळ्यात जास्त इमान कुणाकडे होतं, तर ते यांच्याकडे.

पावसाळा आला. दमट हवेत दारू ओढ धरते, तोडा विझतो, आणि डोंगरात तोफ चढत नाही. जी गोष्ट सीताबर्डीच्या मैदानात कंपनीची ताकद होती ती इथे अडचण झाली. नागपुरातून आणि इतर ठिकाणांहून सुटलेले अरब आप्पासाहेबांना येऊन मिळाले. जुलै 1818 मध्ये मुलताईजवळ कॅप्टन स्पार्क्स शंभराच्या आसपास शिपाई घेऊन त्यांच्यावर चालून गेला. तो आणि त्याची जवळजवळ सगळी तुकडी तिथे कापली गेली. मुलताई अरबांच्या ताब्यात गेली. आज नागपूर-बैतूल रस्त्याने सावनेर, पांढुर्णा, मुलताई असे जाताना बसच्या खिडकीतून जो घाटमाथा दिसतो, तो सगळा त्या पावसाळ्यात कंपनीच्या हातात नव्हता.

पण ते टिकणारं नव्हतं. कंपनीने जादा फौज आणली, ऑगस्टमध्ये मुलताई परत घेतली, पावसाळा संपल्यावर ठाणी बसवली आणि डोंगराला चारी बाजूंनी वेढलं. ज्या गावांनी मदत केली त्यांना त्याची झळ बसली. फेब्रुवारी 1819 मध्ये आप्पासाहेब पेंढारी चितूला घेऊन असीरगडाकडे निसटले. चितू पुढे तिथल्या जंगलात वाघाच्या तोंडी पडला. आप्पासाहेबांना असीरगडचा किल्लेदार जसवंतराव लाड याने आसरा दिला. किल्ला शिंद्यांचा होता.

असीरगडला दारू संपते

मार्च 1819 मध्ये डव्हटन आणि माल्कम यांनी असीरगडाला वेढा घातला. तोवर आप्पासाहेब वेशांतर करून पुढे निघून गेले होते. पण त्यांच्यापायी लागलेला हा वेढा दारूच्या इतिहासात नोंद घेण्यासारखा आहे.

21 मार्चला इंग्रजांच्याच तोफखान्यामागच्या दारूच्या कोठाराला आग लागली. क्षणात शंभराच्या आसपास देशी शिपाई मेले किंवा होरपळले. शत्रूची गोळी नाही, आपल्याच दारूची ठिणगी. तरी मारा थांबला नाही, कारण कंपनीच्या मागून नवा माल येत होता. किल्ल्यातल्यांचं तसं नव्हतं. धान्य होतं, पाणी होतं, भिंती शाबूत होत्या, अरब लढायला तयार होते. दारू संपत आली होती. 9 एप्रिलला किल्ला खाली झाला. उत्तर आणि दक्षिण हिंदुस्थानच्या वाटेवरचा, अजिंक्य म्हणवला जाणारा किल्ला पडला तो कोठारात पूड उरली नाही म्हणून. तटाच्या उंचीला जे राखता येत होतं ते तोफेच्या काळात पुरवठ्यावर अवलंबून राहू लागलं, आणि पुरवठा ज्याच्याकडे त्याच्याकडे देश गेला.

पंजाब, मंडी, जोधपूर

आप्पासाहेबांचं पुढचं आयुष्य सांगायला थोडं आहे, जगायला मात्र एकवीस वर्षांचं होतं. वेश बदलून ते पंजाबात रणजितसिंहाच्या राज्यात गेले. तिथे फार दिवस थारा मिळाला नाही. मग मंडीच्या डोंगरी संस्थानात राहिले. शेवटी जोधपूरच्या महाराजा मानसिंहांनी त्यांना महामंदिरात आश्रय दिला. कंपनीने हवाली करण्याची मागणी केली, मानसिंहांनी शरणागताला देणार नाही अशी भूमिका घेतली आणि ती निभावली. 1840 मध्ये आप्पासाहेब तिथेच वारले. वय चव्वेचाळीसच्या आसपास. नागपूर सोडल्यावर त्यांनी ते पुन्हा पाहिलं नाही.

नागपूरच्या गादीवर 1818 मध्येच दुसऱ्या रघुजींच्या मुलीचा मुलगा बसवला गेला. तो तिसरा रघुजी. तो 1853 च्या डिसेंबरात निपुत्रिक वारला आणि पुढच्या वर्षी डलहौसीने राज्य खालसा केलं. 1861 मध्ये मध्य प्रांत झाला. 1956 च्या भाषावार रचनेत नागपूर एका राज्यात आणि छिंदवाडा दुसऱ्या राज्यात गेला, सौंसर-पांढुर्ण्याची मराठी बोलणारी माणसं सीमेच्या या बाजूला राहिली. 2023 मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला. एका गादीखालचा मुलूख असा टप्प्याटप्प्याने वाटला गेला.

रयतेच्या हातात काय उरलं

राजाची गोष्ट इथे संपते, दारूची संपत नाही. 1818 नंतर हजारो बंदूकवाले बेकार झाले. शिपाईगिरी हाच ज्यांचा पिढीजात धंदा होता त्यांच्यापैकी कोणी नांगर धरला, कोणी कंपनीच्याच पलटणीत भरती झाला, कोणी आडरानाला लागला. गढ्या ओस पडल्या, त्यांची माती गावकऱ्यांनी शेतात नेली. पेंढाऱ्यांची भीती गेली, हे लोकांनी सुख मानलं आणि ते खरंच सुख होतं. पण 1857 नंतर, 1878 च्या हत्यार कायद्याने बंदूक आणि दारू दोन्ही परवान्याखाली आली. ज्या गावात तुराट्यांचा कोळसा करून दारू कुटली जाई, त्या गावात ती आता चोरून करायची वस्तू झाली. राज्यकर्त्याकडे तोफ आणि रयतेकडे गोटा, असा हिशोब कायद्यानेच पक्का केला.

आज नागपूरच्या आसपास स्फोटकं बनवणारे कारखाने आहेत आणि त्यांत सीमेच्या दोन्ही बाजूंची पोरं रोजंदारीवर जातात. अधूनमधून स्फोटाची बातमी येते, नावं छापून येतात आणि ती नावं आपल्याच गावांची असतात. असीरगडच्या कोठाराजवळ होरपळलेल्या शिपायांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. आताच्या नावांचं तसं होऊ नये, एवढं तरी आपण करू शकतो.

आप्पासाहेबांना वीर म्हणायचं की घात करणारा? नागपुरात दोन्ही मतं ऐकू येतात. त्यांनी आधी स्वतःच्या खुर्चीसाठी कंपनीला आत घेतलं, मग तिच्याविरुद्ध उठले, मग लढाईच्या दिवशी मागे राहिले. हे तिन्ही खरं आहे. पुढे मात्र गादी, तोफा, पैसा सगळं गेल्यावर त्यांनी कंपनीच्या पेन्शनसाठी हात पसरला नाही. बाजीरावांनी बिठूरला जाऊन आठ लाखांची पेन्शन घेतली, यांनी डोंगर आणि परकी दारं पत्करली. माणूस उशिरा शहाणा झाला, आणि त्याच्या उशिराची किंमत चैनशहाच्या लोकांनी, अरबांनी आणि मुलताईच्या चिखलात पडलेल्या दोन्हीकडच्या शिपायांनी मोजली.

ज्यांना या खुणा बघायच्या असतील त्यांना लांब जावं लागत नाही. सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, पण 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्टला तो लोकांसाठी खुला करण्याची प्रथा आहे. महालात गांधी गेट उभा आहे. मुलताईला तापीच्या उगमाचं दर्शन घ्यायला आपण जातोच. आणि देवगडचा किल्ला तर आपल्या उंबरठ्यावर आहे. पोरांना गाडीत घालून नेलं तर एका सुट्टीत दोन ठिकाणं सहज होतात.